फेस (मोरोक्को) येथे आईसोबत चार रात्री : मुक्काम, चालणे आणि शाकाहार यांविषयी सल्ला हवा आहे

उंबराचे_फूल :

नमस्कार. माझी आई ६९ वर्षांची असून तिने छत्रपती संभाजीनगरच्या एका शाळेत बत्तीस वर्षे इतिहास शिकवला. दर हिवाळ्यात मुलांना दौलताबादच्या किल्ल्यावर न्यायचे आणि अंधारीच्या, म्हणजे किल्ल्यातील काळोख्या भुयारी वाटेच्या, तोंडाशी उभे करून, या किल्ल्याच्या कोठडीत मांजरांहून मोठे उंदीर होते असे चौदाव्या शतकातील मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता लिहून गेला आहे, हे सांगून त्यांना घाबरवायचे, हा तिचा ठरलेला कार्यक्रम असे. निवृत्तीनंतर तिच्या वाचनात आले की ती उंदरांची गोष्ट फेस शहरात सांगितली गेली आणि तिथेच कागदावर उतरली. तेव्हापासून तिला युरोप नको आहे, सिंगापूर नको आहे. फेस दाखव, एवढेच तिचे मागणे आहे.

आई, मी आणि माझे पती असे आम्ही तिघे जाणार आहोत. विमानभाडे आणि व्हिसा वगळून तिघांचा मिळून खर्च एक लाख रुपयांच्या आत बसवायचा आहे. आई सपाट रस्त्यावर तासभर आरामात चालते, परंतु चढ लागला की गुडघ्यांमुळे तिला वारंवार थांबावे लागते. ती पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाही. मदिनेत, म्हणजे तटबंदीच्या आतील जुन्या शहरात, राहावे की नव्या शहरात, वाटाड्या घ्यावा का, ऑक्टोबर बरा की जानेवारी, आणि तिने तिथे खावे काय, या चार प्रश्नांवर अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती. सहारा आणि उंट यांविषयी कृपया सुचवू नये. ते आम्हाला पाहायचे नाही.

पाटणकर_काका :

आम्ही उभयतांनी २०१८ मध्ये एका नामवंत सहल कंपनीबरोबर दहा दिवसांत संपूर्ण मोरोक्को पाहिला, त्यात फेसला दीड दिवस दिला होता आणि खरे सांगायचे तर तोही जास्तच झाला. मदिना म्हणजे आपल्या पुण्यातील बोहरी आळी दहा पट लांब केली आणि तिच्यात गाढवे सोडली, असे समजावे. तो हजार वर्षे जुना निळा दरवाजा पाहिला, चामडे कमावण्याचे हौद पाहिले, जेवण केले, संपले. चार रात्री तिथे घालवण्यापेक्षा आपण दोन रात्री सहाऱ्याच्या तंबूत काढाव्यात, असे मी आग्रहाने सुचवीन. उंटावर बसायला गुडघे लागत नाहीत.

तर्कटी :

पाटणकर काका, तो निळा दरवाजा, म्हणजे बाब बू जलूद, हजार वर्षे जुना नसून १९१३ मध्ये, फ्रेंच संरक्षित राज्याच्या काळात बांधलेला आहे. बाहेरच्या अंगाने तो निळा आणि मदिनेकडच्या अंगाने हिरवा आहे. खरा जुना दरवाजा त्याच्या शेजारीच आहे, मात्र तो साधा असल्यामुळे त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. दीड दिवसात शहर संपले असे म्हणणाऱ्याने कोणत्या बाजूने काय पाहिले, हे एकदा तपासावे.

पाटणकर_काका :

आमच्या वाटाड्याने हजार वर्षेच सांगितले होते. तो तिथलाच होता.

अबुधाबीचा_सातारकर :

आपला धागा वाचून आनंद झाला. मी कामानिमित्त आखातात असल्यामुळे मोरोक्कोला तीन वेळा जाणे झाले आहे आणि दर वेळी फेसमधील एका जुन्या वाड्याच्या आलिशान हॉटेलातच उतरलो आहे, ज्याच्या गच्चीवरून संपूर्ण मदिना दिसते आणि ज्याचे स्वतःचे हमामही आहे. आईसाहेबांच्या वयाचा विचार करता खर्चाकडे पाहू नये. एका रात्रीला चार-साडेचार हजार मोरोक्कन दिऱ्हाम पडतात, परंतु विमानतळावर गाडी येते, सामान उचलायला माणूस येतो आणि चढउताराचा प्रश्नच उरत नाही, कारण हॉटेलच्या बाहेर पडावेसे वाटत नाही.

उंबराचे_फूल :

सातारकर साहेब, आभारी आहे. परंतु एक दिऱ्हाम नऊ रुपयांच्या घरात धरला, तर आपण सुचवलेल्या हॉटेलात आमचा एक लाख अडीच-तीन रात्रींतच संपेल, आणि तोही एकाच खोलीचा हिशेब धरून. शिवाय आईला हॉटेलच्या बाहेर पडावेसे वाटणार आहे, हीच तर खरी अडचण आहे.

निळी_शाई :

माझ्या पतींच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षे कासाब्लांकात होतो आणि भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा फेसला जायचे म्हणत असे, त्यामुळे ही वाट माझ्या पायाखालची आहे. त्यातही माझ्या सासूबाईंना, म्हणजे आपल्या आईंसारख्याच गुडघ्यांच्या एका व्यक्तीला, मी दोन वेळा नेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

फेस समजून घ्यायचे तर ते परातीसारखे आहे, हे आधी लक्षात घ्यावे. कडेला दरवाजे आणि टेकड्या, मध्यभागी खोलगट तळ, आणि तळाशी नदी, जिचा बराच भाग आता रस्त्याखाली झाकला गेला आहे. बाब बू जलूदपासून दोन मुख्य गल्ल्या खाली उतरतात आणि त्यांच्या नावांतच इशारा आहे : तालाआ कबीरा म्हणजे मोठी चढण आणि तालाआ सगीरा म्हणजे धाकटी चढण. प्रवासी दरवाजातून आत शिरतो, उतारावर दुकाने पाहत, गप्पा मारत, अर्ध्या-पाऊण तासात करवीयीन मशिदीपाशी पोहोचतो आणि त्याला वाटते की चालणे किती सोपे आहे. मग तो परत फिरतो, आणि तोच रस्ता दुपारच्या उन्हात, खेचरांच्या गर्दीत, वर चढायचा असतो. माझ्या सासूबाई पहिल्या खेपेस एका तांब्याच्या दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि "मी आता इथेच राहते" असे त्यांनी जाहीर केले.

यावरचा उपाय असा की कधीही परत चढायचे नाही. वरून खाली उतरत यावे, बू इनानिया मदरसा सुरुवातीलाच पाहून घ्यावा, मग अल-अत्तारीन मदरसा, करवीयीनचे दरवाजे आणि सफ्फारीन चौक, जिथे तांबट दिवसभर भांडी ठोकत बसलेले असतात, असे करत रसीफच्या चौकात बाहेर पडावे. तिथपर्यंत मोटारी येतात. लाल रंगाची छोटी टॅक्सी पकडून परत वर यावे. या टॅक्सीत तीनच प्रवासी घेतात, त्यामुळे आपली संख्या अगदी बरोबर आहे. मीटर लावायला सांगावे. रात्री आठनंतर मीटरवर निम्मे भाडे अधिक पडते, ती फसवणूक नसून नियम आहे. आम्हाला हा प्रवास कधीही वीस दिऱ्हामच्या वर गेला नाही.

मुक्कामाविषयी माझे मत स्पष्ट आहे : नव्या शहरात, लिफ्ट आणि उष्ण हवेची सोय असलेल्या साध्या हॉटेलात राहावे. मदिनेतील रियाद, म्हणजे मध्ये अंगण असलेले जुने घर, दिसायला सुंदर असते, परंतु त्याचे जिने अरुंद आणि पायऱ्या गुडघाभर उंच असतात, आणि मोटार दारापर्यंत येत नसल्याने सामान हातगाडीवरून आणावे लागते. महिना ऑक्टोबरच. जानेवारीत तिथे पहाटे चार-पाच अंशांपर्यंत पारा उतरतो, पाऊस असतो, आणि ती घरे उन्हाळ्यात थंड राहावीत म्हणून बांधलेली असल्यामुळे हिवाळ्यात आत बाहेरपेक्षाही अधिक गार वाटते.

गुळाचा_चहा :

निळी_शाई यांच्याशी सहमत. नव्या शहरातच राहावे आणि ऑक्टोबरातच जावे. उतरताना सोपे वाटते, परंतु चढताना त्रास होतो.

भिंगरी :

मी एकटीने सहा दिवस मदिनेत राहून आले आणि माझ्या मते नव्या शहरात राहणे म्हणजे लग्नाला जाऊन मांडवाबाहेर जेवण्यासारखे आहे. वाटाड्याची काहीही गरज नाही. हरवायचेच असते, गल्ल्या नऊ हजारांवर आहेत असे सांगतात आणि त्यांपैकी काही इतक्या अरुंद आहेत की पाठीवरची पिशवी काढून हातात घ्यावी लागते. फोनवरचा नकाशा आत चालेनासा होतो, कारण उंच भिंतींमुळे त्याला आपण कुठे आहोत हेच उमगत नाही, आणि तो आपल्याला शेजारच्या गल्लीत उभे असल्याचे दाखवतो. अशा वेळी भिंतींवर लावलेले रंगीत ताऱ्यांचे दिशाफलक शोधावेत, आणि तेही सापडले नाहीत, तर ज्या गल्लीत माणसे जास्त आणि उतार जास्त, ती धरावी. ती शेवटी तळाशी आणतेच.

एकच गोष्ट सांगते. कोणी तरुण मुलगा जवळ येऊन "पुढे रस्ता बंद आहे" असे म्हणाला, तर तो बंद नसतो. मी पहिल्या दिवशी विश्वास ठेवला, त्याच्या मागून दहा मिनिटे चालले, आणि तो मला चामड्याच्या दुकानाच्या गच्चीवर घेऊन गेला आणि दोनशे दिऱ्हाम मागू लागला. मी वीस दिले आणि मराठीत रागावले. मराठीचा परिणाम चांगला झाला.

पाटणकर_काका :

म्हणूनच मी सहल कंपनीबरोबर जावे असे म्हणतो. आम्हाला असा त्रास झाला नाही.

तर्कटी :

आपल्यालाही चामड्याच्या दुकानाच्या गच्चीवरच नेले होते, काका. फरक इतकाच की तो खर्च सहलीच्या शुल्कात होता.

कोकणकडा :

चामड्याचा विषय निघालाच आहे, तर माझी कहाणी ऐकावी. शुवारा येथील ते हौद पाहायचे तर आजूबाजूच्या चामड्याच्या दुकानांच्या गच्च्यांवरूनच पाहावे लागतात. दारातच पुदिन्याची काडी हातात देतात, ती नाकाशी धरायची असते, आणि वर गेल्यावर ती का दिली हे कळते. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा कालवलेली असते, तिच्यातील अमोनियामुळे कातडे मऊ पडते, आणि माणसे त्या हौदांत मांडीपर्यंत उतरून कातडी पायांनी तुडवत असतात. बाजूचे हौद रंगाचे. तो देखावा खरोखर विसरता येण्यासारखा नाही, हे मान्य करतो.

परंतु देखाव्यानंतर दुकान येते. मी उंटाच्या कातड्याची एक प्रवासी पिशवी बाराशे दिऱ्हामवरून पाचशेवर आणली आणि स्वतःवर इतका खूश झालो की रात्री घरी फोन करून घासाघीस कशी केली ते सविस्तर सांगितले. पिशवी चिपळूणला आणली. मे महिन्यापर्यंत ती गुणी बाळासारखी राहिली. जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि तिसऱ्या दिवशी घरात कुठे तरी कबुतर मेले आहे, असे सर्वांना वाटू लागले. कपाट रिकामे केले, माळा पाहिला, शेवटी पिशवी सापडली. तोपर्यंत तिच्यावर हिरवट बुरशीची शालच चढली होती. उन्हात ठेवावे तर ऊन नाही, आत ठेवावे तर घरात माणसे. सोसायटीच्या पहारेकऱ्याला भेट दिली, तर त्याने दुसऱ्या दिवशी ती विनम्रपणे परत आणून दिली. आपण कोरड्या हवेत राहत असाल तर घ्यावी, कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर त्याच पैशात पितळेचा दिवा घ्यावा.

झूम_लेन्स :

ड्रोन नेऊ नये. मोरोक्कोत परवानगीशिवाय ड्रोन आणता येत नाही आणि माझा विमानतळावरच ठेवून घेतला, पावती दिली, परतीच्या वेळी तो मिळवताना विमान चुकता चुकता राहिले. माणसांची छायाचित्रे विचारून काढावीत.

वरणभात :

शाकाहाराविषयी कोणीच नीट लिहिले नाही, म्हणून लिहितो, कारण मी तिथे उपाशी राहून शिकलो आहे. तिथे भाजीचे ताजीन, म्हणजे झाकणाच्या मातीच्या भांड्यात शिजवलेला रस्सेदार पदार्थ, मागितले की ते आनंदाने देतात, परंतु ते बहुतेक वेळा मांसाच्याच रश्श्यात शिजवून मग वरून मांस काढलेले असते, आणि त्यांच्या दृष्टीने तो पदार्थ आता शाकाहारी झालेला असतो. सात भाज्यांच्या कुसकुसचेही, म्हणजे वाफवलेल्या रव्याच्या कण्यांचेही, तेच. हरीरा नावाचे सूप मसुराचे आणि हरभऱ्याचे म्हणून मी तीन दिवस प्यायलो आणि चौथ्या दिवशी त्यात हाड लागले. "ब्ला ल्हम" म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करून चालत नाही. रश्शातही मांस नको, हे मुक्कामाच्या ठिकाणच्या माणसाकडून कागदावर लिहून घ्यावे.

आईंनी निर्धास्तपणे खावे असा पदार्थ म्हणजे बीसारा. सुकवलेल्या फावा शेंगांच्या दाण्यांची ही दाट आमटी असते, वरून ऑलिव्हचे तेल आणि जिऱ्याची पूड घालतात, आणि ती सकाळी कामगारांच्या छोट्या दुकानांत मिळते. डोळे मिटून खाल्ली तर किंचित पातळ पिठले खातो आहोत असे वाटते, फक्त हिरवी मिरची आपल्याला न्यावी लागते. झालूक म्हणजे तर वांग्याचे भरीतच, टोमॅटो आणि लसूण घातलेले. मसेमन नावाची चौकोनी घडीची पोळी मधाबरोबर देतात. खारवलेले लिंबू मिळते, ते आपल्या उपासाच्या लोणच्याच्या चुलत घराण्यातील आहे. बाकी मेतकूट आणि दाण्याची चटणी घरून न्यावी.

अबुधाबीचा_सातारकर :

माझ्या हॉटेलात मुख्य आचारी स्वतः टेबलाशी येऊन विचारत असे. शाकाहाराची काहीच अडचण आली नाही.

गुळाचा_चहा :

वरणभात यांच्याशी सहमत. बीसारा खावे. भाजीच्या ताजीनमध्ये मांसाचा रस्सा असतो.

मृद्गंध :

आई इतिहासाच्या शिक्षिका आहेत, तर त्यांना करवीयीन अवश्य दाखवावे. फातिमा अल-फिहरी या स्त्रीने ८५९ मध्ये स्थापन केलेले हे जगातील सर्वांत जुने विद्यापीठ आहे. एका स्त्रीने हे केले, हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता.

तर्कटी :

मृद्गंध, काटा येऊ द्यावा, परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फातिमेची कथा चौदाव्या शतकातील एका इतिहासकाराने लिहिली आहे, म्हणजे घटनेनंतर सुमारे साडेचारशे वर्षांनी. आणि विसाव्या शतकात मशिदीची डागडुजी करताना जो लाकडी कोरीव लेख सापडला, त्यात ८७७ हे वर्ष आणि दाऊद इब्न इद्रीस याचे नाव आहे. दुसरे, ती मूळची मशीद आणि तिच्याभोवती वाढलेली विद्या आहे. तिला आजच्या अर्थाने विद्यापीठाचा दर्जा विसाव्या शतकात मिळाला. तेव्हा सर्वांत जुने विद्यापीठ म्हणावे का, हे विद्यापीठ म्हणजे काय यावर अवलंबून आहे.

मृद्गंध :

युनेस्को आणि गिनेस दोघांनीही तसे म्हटले आहे. आपल्याला स्त्रीचे नाव आले की पुरावा का आठवतो, हा माझा साधा प्रश्न आहे.

तर्कटी :

दरवाजाच्या बाबतीत पाटणकर काकांनाही मी पुरावाच विचारला होता.

निळी_शाई :

आपण दोघे हा वाद करवीयीनच्या दारात उभे राहूनच करू शकाल, कारण मुस्लिमेतरांना मशिदीत प्रवेश नाही. दार उघडे असते, तेथून अंगण आणि कारंजे दिसते, तेवढेच. शहराचे संस्थापक मानले जाणाऱ्या दुसऱ्या इद्रीसच्या दर्ग्याचेही तसेच. उंबराचे_फूल, आईंना हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे तिथे जाऊन विरस होणार नाही. बू इनानिया आणि अल-अत्तारीन या दोन्ही मदरशांत मात्र तिकीट काढून सर्वांना जाता येते.

आणि आईंना सांगावे की त्यांच्यासाठी बू इनानिया हेच खरे ठिकाण आहे. इब्न बतूताला ज्या सुलतानाने आठवणी सांगायला लावल्या, त्या अबू इनानचीच ती वास्तू. १३५० मध्ये काम सुरू झाले आणि १३५५ च्या सुमारास संपले. त्याच १३५५ च्या डिसेंबरमध्ये बतूताने इब्न जुझय्य या लेखनिकाला प्रवासवर्णन सांगून पुरे केले. एका राजाच्या हुकमावरून एकाच शहरात एकीकडे गवंडी संगमरवर बसवत होते आणि दुसरीकडे एक पन्नाशीचा माणूस दौलताबाद आठवत होता. त्या अंगणाच्या कडेने पाण्याचा एक पाट वाहतो, त्याच्याजवळ बसायला जागा आहे, आणि सकाळी लवकर गेल्यास सहलींचे गट आलेले नसतात. भिंतींवर कमरेच्या उंचीपर्यंत रंगीत फरशांची नक्षी, तिच्या वर गिलाव्यातील कोरीव काम आणि त्याच्या वर देवदार लाकूड, असे तीन थर खालून वर नजर नेत पाहावेत. खाली पाहणाऱ्याला वरचे लाकूड सर्वांत शेवटी दिसते.

वरणभात :

जाता जाता : त्याच प्रवासवर्णनात नंदुरबारच्या मराठ्यांविषयी लिहिलेले आहे की ते भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, जेवणापूर्वी नीट स्नान करतात आणि प्राण्यांना दुखवणे त्यांना आवडत नाही. म्हणजे मराठी माणसाच्या शाकाहाराची नोंद फेसमध्येच १३५५ साली झालेली आहे. हरीऱ्यात हाड निघाले तेव्हा हे मला ठाऊक असते, तर मालकाला दाखवले असते.

भिंगरी :

चार रात्रींत शुक्रवार येत असेल तर सांभाळावे, कारण दुपारच्या नमाजानंतर बहुतेक बाजार बंद असतो आणि शहर ओस पडते. माझा एक दिवस वाया गेला.

निळी_शाई :

होय, शुक्रवार टाळावा, त्या दिवशी नव्या शहरात आराम करावा किंवा गाडी करून वोलुबिलिसचे रोमन अवशेष पाहून यावे. वाटाड्या मात्र एक दिवस अवश्य घ्यावा, गळ्यात अधिकृत ओळखपत्र असलेलाच, आणि निघण्यापूर्वी त्याला स्पष्ट सांगावे की एकाही दुकानात थांबायचे नाही. निवडुंगाच्या धाग्याचे रेशीम म्हणून शाल दाखवतील, तिचा एक धागा काडीने पेटवून पाहावा. तो वितळून त्याचा कडक गोळा झाला, तर शाल कृत्रिम धाग्याची समजावी.

पाटणकर_काका :

आमच्या सौ.ने तशा चार शाली घेतल्या आहेत. धागा पेटवण्याचे धाडस आता कोणी करू नये.

उंबराचे_फूल :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईने हा धागा दोन वेळा मोठ्याने वाचून घेतला आणि नंदुरबारचा मजकूर आपल्या वहीत उतरवून ठेवला. निर्णय झाला आहे, आणि तो आपल्यापैकी बहुतेकांना आवडणार नाही, याची कल्पना आहे.

आम्ही जानेवारीतच जात आहोत, कारण नोव्हेंबरमध्ये आईच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे आणि तिचे म्हणणे असे की ते नक्षीकाम अस्पष्ट डोळ्यांनी पाहायला ती इतक्या लांब जाणार नाही. थंडीसाठी शेकायची रबरी पिशवी, लोकरीचे मोजे आणि पावसात न घसरणारे बूट घेतले आहेत. नव्या शहरातील हॉटेल मी निवडलेही होते. ते आईने नाकारले. शेवटी बाब बू जलूदपासून दोन मिनिटांवर, म्हणजे परातीच्या कडेलाच, एका रियादमध्ये अंगणालगतच्या तळमजल्याच्या दोन खोल्या मिळाल्या आहेत. खोलीत हीटर आहे, याचे छायाचित्र मागवून घेतले. दोन्ही खोल्यांचे मिळून नाश्त्यासह रात्रीला नऊशे दिऱ्हाम पडतात, म्हणजे चार रात्रींचे साधारण बत्तीस हजार रुपये, आणि बाकी रक्कम टॅक्सी, जेवण आणि तिकिटांना पुरेल, असा हिशेब आहे. निळी_शाई यांचा उतरून रसीफला बाहेर पडण्याचा मार्ग तंतोतंत पाळणार आहोत.

शुक्रवार मात्र आम्ही मुद्दाम धरला आहे. बाजार बंद म्हणजे खेचरे नाहीत, हातगाड्या नाहीत, मागून "बालाक, बालाक", म्हणजे बाजूला व्हा, असे ओरडणारे कोणी नाही, आणि आईला ज्या दुकानापुढे थांबावे लागेल ते बंद असल्याने तिथे कोणी शाल दाखवणार नाही. गुडघ्यांसाठी याहून चांगला दिवस नाही, असे तिचेच मत आहे. शनिवारी सकाळी बू इनानियामध्ये दोन तास बसायचे. वाटाड्या घेणार नाही. वाटेत काय आहे हे ती मला सांगणार आहे. बत्तीस वर्षे तिने तेच केले आहे. चामड्याचे हौद पाहायचे नाहीत, त्यामुळे कोकणकडा यांनी निश्चिंत असावे.

अबुधाबीचा_सातारकर :

आईसाहेबांना माझा नमस्कार सांगावा. एका रात्रीसाठी तरी त्या वाड्याच्या गच्चीचा विचार करावा, असे पुन्हा सुचवतो.

निळी_शाई :

शुक्रवारचे हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. सासूबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "मला तेव्हाच का नाही नेलेस?" तळमजल्याच्या खोलीचे दार अंगणात उघडते, तिथे रात्री फट राहते, दाराखाली लावायला एक जुना टॉवेल न्यावा.

सातपुडा_७२ :

छान माहिती. मीही एप्रिलमध्ये फेसला जात आहे. तिथे ड्रोन नेता येतो का?